जुनेर आणि जुन्नरी कागद

मराठी भाषेत ‘जुनेर’ असा एक फार समंजस शब्द आहे. वापरून वापरून जे विरले आहे, परंतु टाकून देण्याइतके जे अद्याप निकामी झालेले नाही, अशा लुगड्याला अथवा धोतराला आपल्या आज्या-पणज्या जुनेर म्हणत आल्या. हा शब्द उच्चारताना त्यांच्या स्वरात खेद नसे. उलट पेटीच्या तळाशी जपून ठेवलेल्या ठेव्याविषयी बोलावे तसा आश्वस्त भाव असे, कारण जुनेर म्हणजे संपलेले वस्त्र नव्हे, तर ज्याचे पहिले आयुष्य पुरे झाले आणि दुसरे अजून सुरू व्हावयाचे आहे असे वस्त्र, हे त्यांना पक्के ठाऊक होते. या शब्दाशी उच्चाराने अगदी जवळचे असे एक गाव पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी वसले आहे. जुन्नर हे नाव ‘जीर्णनगर’ या शब्दापासून आले, असे परंपरेने सांगितले जाते. ज्या गावाच्या नावातच जीर्णता आहे, त्याच गावाने जीर्ण गोणपाट, झिजलेले दोर आणि चिंध्या यांतून कागद निर्माण करून मराठी राज्याच्या दफ्तरखान्याला पुरवावा, हा योगायोग मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे.

हल्ली उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडून कापडाचे तुकडे, लोकरीचे धागे, जुने पुठ्ठे आणि रद्दी यांच्या शोभिवंत वस्तू करवून घेतल्या जातात, आणि त्या उपक्रमाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे नाव दिले जाते. उपक्रम स्तुत्य आहे आणि मुलांच्या बोटांना त्यातून वळण लागते, यात शंका नाही. परंतु या नावाचा थोडा विचार केला म्हणजे असे ध्यानात येते, की त्यात वस्तू आधी टाकाऊ ठरते आणि मग तिचा उद्धार होतो. आपल्या जुन्या कारागिरीचा क्रम असा नव्हता. तेथे वस्तू टाकाऊ ठरण्याचा क्षणच येत नसे. ती एका कामातून सुटे ती दुसऱ्या कामात शिरे, आणि तंतूतला शेवटचा जीव जाईपर्यंत तिचे हे स्थलांतर चालू राही. त्या स्थलांतराचा इतिहास, म्हणजे वस्त्रापासून गोधडीपर्यंत, गोधडीपासून चिंधीपर्यंत आणि चिंधीपासून कागदापर्यंतचा प्रवास, यथामति सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या प्रवासाचा एक अतिप्राचीन टप्पा जुन्नरच्याच डोंगरांत कोरलेला आहे. नाणेघाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे नगर सातवाहनांच्या काळी भरभराटीस आलेले होते, आणि शिवनेरी, मानमोडी, तुळजा व लेण्याद्री येथील कड्यांतून बौद्ध भिक्षूंसाठी लेण्यांमागून लेणी खोदली गेली. तेथील शिलालेखांतून दान देणाऱ्यांमध्ये धान्य विकणाऱ्यांच्या, वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडविणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आढळतात. म्हणजे हे गाव दोन हजार वर्षांपूर्वीही हातांच्या कसबावर जगणाऱ्यांचे होते. ज्या भिक्षूंसाठी ही लेणी खोदली गेली, त्यांच्या धर्माने वस्त्राविषयी एक विलक्षण आचार घालून दिला होता. उकिरड्यावर अथवा स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, जोडून केलेले ‘पांसुकूल’ चीवर हे त्यांच्या वैराग्याचे भूषण मानले जाई, आणि तुकडे जोडण्याची रीतही ठरलेली होती. मगध देशातील बांधांनी विभागलेली भातखाचरे पाहून बुद्धाने आपला शिष्य आनंद याला तशाच आकृतीचे चीवर शिवण्यास सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. ठिगळांनी जोडलेल्या वस्त्राला शेताचे रूप देणारी ही दृष्टी ज्या संस्कृतीत होती, तिला जीर्ण वस्त्र हे दारिद्र्याचे लक्षण वाटणे शक्यच नव्हते.

त्याच विनयग्रंथांत आणखी एक प्रसंग आहे, आणि माझ्या मते वस्त्राच्या आयुष्याचा इतका परिपूर्ण हिशेब अन्यत्र क्वचितच मांडला गेला असेल. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली, तेव्हा एका संन्याशाला इतकी वस्त्रे कशाला, अशा शंकेने राजाने त्याला एकेक प्रश्न विचारला. आनंदाने सांगितले, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत अशा भिक्षूंना ती वाटली जातील. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींची जमिनीवर अंथरण्याची वस्त्रे, त्यांची पुढे पायपुसणी, पायपुसण्यांची झाडणी होतील. आणि झाडणीही विरली म्हणजे ती कुटून, मातीत कालवून, त्या चिखलाने जमिनी लिंपल्या जातील. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. राजाचा प्रश्न संशयाने विचारलेला होता आणि उत्तर मात्र जमाखर्चाच्या चोखपणाने दिले गेले. संपत्ती किती आहे, यापेक्षा ती कोठवर पुरविली जाते, यावर दानाची योग्यता ठरते, हा त्या संवादाचा गाभा आहे.

हा संवाद प्रथम वाचला तेव्हा मला मगध अथवा कौशांबी आठवली नाही, तर आमच्या जुन्या घराची ओटी आठवली. कारण आनंदाने सांगितलेली परंपरा थोड्याफार फरकाने महाराष्ट्रातील प्रत्येक घरात, एकही अक्षर न वाचलेल्या बायका, शतकानुशतके पाळीत आल्या होत्या. नऊवारी लुगडे आधी सणावाराला, मग नित्याच्या वापराला, मग शेतात अथवा चुलीपाशी नेसावयास निघे. ते विरले म्हणजे त्याचे जुनेर होई. जुनेराचा मऊ भाग नवजात बालकाच्या झबल्या-टोपड्यांना आणि दुपट्याला राखून ठेवीत. कोऱ्या कापडाची खळ आणि खरखर कोवळ्या कातडीला सोसवत नाही, म्हणून आईच्या अथवा आजीच्या अंगावर वर्षानुवर्षे धुतले गेलेले वस्त्रच बाळाला आधी मिळे. उरलेल्या लांबीची गोधडी होई. गोधडी फाटली म्हणजे तिचे बैठकीचे तरट किंवा गुरांच्या पाठीवरचे पांघरूण, तेही सुटले म्हणजे हात पुसण्याचे फडके, आणि सर्वांच्या शेवटी चूल व जमीन सारवण्याचे पोतेरे. शेणामातीच्या काल्यात बुडवून जमिनीवर फिरणारे ते पोतेरे पाहिले, की आनंदाच्या उत्तरातला अखेरचा टप्पा आपल्या डोळ्यांसमोर घडत आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

या सर्व रूपांत गोधडी हे रूप सर्वांत दीर्घायुषी आणि सर्वांत बोलके. कोणी तिला वाकळ म्हणतात. कृष्णाकाठच्या सीमाभागात कन्नडच्या सान्निध्याने कौदी हा शब्द आला. सुगी आटोपून उन्हे तापू लागली आणि मृगाला अद्याप अवकाश असला, की दुपारच्या निवांत प्रहरी गोधड्यांचे काम निघे, कारण पावसाळ्याच्या ओल्या रात्री उंबऱ्याशी येण्यापूर्वी पांघरुणे सिद्ध असावी लागत. स्वच्छ सारवलेल्या ओटीवर धड लुगड्याचा तळ अंथरला जाई. त्यावर विटक्या धोतरांचे, पंचांचे, परकरांचे तुकडे, कोठे खळगा राहणार नाही अशा बेताने, एकावर एक पसरले जात. वर पुन्हा एक बऱ्यापैकी लुगडे येई आणि चारी कडा आत मुडपून टाचल्या जात. मग दोघी-चौघी चार बाजूंना बसून धावदोरा घालू लागत. टाके कडेने सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे सरकत, आणि त्या समांतर ओळींमुळे सगळे थर असे एकजीव होत, की पुढे दहा वर्षे नदीच्या दगडावर आपटली तरी गोधडी उसवत नसे. दोराही बहुधा जुन्याच कापडातून ओढून काढलेला असे. लुगड्याचे काठ मात्र सहसा वाया जाऊ देत नसत. ते जपून उसवून गोधडीच्या चारी बाजूंना महिरपीसारखे लावले जात.

या कलेला कोणी कला म्हटले नाही, आणि करणारीनेही तिच्यावर आपले नाव घातले नाही. तथापि घरातील इतिहास गोधडीइतक्या विश्वासाने दुसऱ्या कशातच नोंदला गेला नसेल. हे आत्याच्या लग्नातले लुगडे, हा आजोबांच्या शेवटच्या आजारातला पंचा, ही थोरल्या मुलाची पहिली बंडी, असे बोट ठेवून सांगणारी म्हातारी पाहिली, म्हणजे एखादा जाणता कारकून जुने दस्तऐवज उलगडून वंशावळीची रुजुवात घालतो आहे, असे वाटे. मृत माणसाचे वस्त्र टाकून न देता त्याच्या ऊबेत पुढच्या पिढीने निजावे, ही कल्पना कोणी शास्त्रात सांगितलेली नव्हती. ती सुईच्या टोकाने लिहिली गेली.

संस्कृतात गोधडीला ‘कंथा’ म्हणतात, आणि हा शब्द विरक्तांच्या वर्णनात वारंवार येतो. बंगालमध्ये त्याच नावाने ओळखली जाणारी कशिद्याची गोधडी प्रसिद्धीस आली. आपल्याकडे कंथेचा थोर वारसा एका लोकोत्तर पुरुषाने आपल्या अंगावर वागविला. १८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी जानोरकर, ज्यांना महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणून ओळखतो, ते ठिगळांच्या वस्त्रात गावोगाव फिरले, आणि लोकांनी त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा अशी नावे प्रेमाने दिली. हातात खराटा आणि अंगावर चिंध्या घेऊन त्यांनी गावे झाडली. ज्या समाजाने चिंध्या पांघरणाऱ्याला हीन लेखले, त्याच समाजाला त्यांनी चिंध्या पांघरूनच स्वच्छतेचा आणि माणुसकीचा पाठ दिला. लेण्यांतील भिक्षूंचे पांसुकूल आणि गाडगेबाबांची गोधडी यांच्यामध्ये दोन सहस्रकांचे अंतर असले, तरी दोहोंचा धागा एकच आहे, असे मी मानतो.

चिंधीलाही आपल्या लोकजीवनात मान होता. श्रीकृष्णाचे बोट कापले तेव्हा सुभद्रा चिंधी शोधीत राहिली आणि द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून बांधले, ही कथा मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? भक्तीचे माप भरजरी वस्त्राने नव्हे, तर त्याच्या फाडलेल्या पट्टीने घेतले गेले, हे त्या कथेचे मर्म आहे. पहाटेच्या काकड आरतीतला काकडा म्हणजे पिळून तेलात भिजविलेले कापडच. भवानीच्या गोंधळात नाचविला जाणारा पोतही कापडाच्या पिळाचाच. चिंधीचा शेवट असा देवापुढच्या ज्योतीत झाला, तर त्याहून उत्तम गती वस्त्राला कोणती मिळावी?

परंतु प्रत्येक चिंधी घरातच संपत नसे. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येणारी बोहारीण जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडे देई, आणि तिच्यासारख्यांच्या हातून जीर्ण वस्त्र उंबरठा ओलांडून व्यापारात शिरे. या बाहेरच्या प्रवासात त्याला जी अनेक मुक्कामाची ठिकाणे लाभली, त्यांत सर्वांत थोर ठिकाण म्हणजे कागद्याचा हौद.

कागदाचा जन्मच मुळी चिंध्यांतून झालेला आहे. चीनमध्ये इ. स. १०५ च्या सुमारास त्साई लुन या अधिकाऱ्याने झाडांच्या साली, ताग, जुन्या चिंध्या आणि मासेमारीची फाटकी जाळी कुटून कागद करण्याची रीत बादशहापुढे मांडली, असे चिनी इतिहास सांगतो. आठव्या शतकात ही विद्या समरकंदला पोहोचली, तेथून बगदादला गेली, आणि त्या प्रदेशांत चिनी तुतीची साल दुर्मीळ असल्यामुळे चिंध्यांचे महत्त्व अधिकच वाढले. ज्यांनी ही विद्या हिंदुस्थानात रुजविली ते कागदी बहुतांशी मुसलमान कारागीर होते, आणि त्यांच्या वसाहतींना सर्वत्र कागजीपुरा अथवा कागदीपुरा असे नाव पडले. १३२७ साली महंमद तुघलकाने आपली राजधानी देवगिरीस आणून तिचे दौलताबाद केले, तेव्हा दिल्लीहून जी माणसे दख्खनेत आली त्यांच्यात कागदीही होते, अशी त्या भागातली परंपरा आहे. दौलताबाद आणि खुलदाबाद यांच्या दरम्यानचे कागजीपुरा हे गाव आजही ते नाव धारण करून आहे. खानदेशातील एरंडोल, पुण्याजवळचे जुन्नर आणि खुद्द पुण्यातील कसबा पेठेचा कागदीपुरा ही त्याच शृंखलेतील ठिकाणे. राजधानी दिल्लीला परतली, सुलतानी बुडाल्या, निजामशाही आली आणि गेली. परंतु हौदाच्या काठी बसलेला कागदी आपल्या जागेवरून हलला नाही, कारण राज्य कोणाचेही असो, त्याचा कारभार कागदावाचून चालणार नव्हता.

कागद करण्याची जुनी रीत पाहिली म्हणजे तिच्यातील कष्ट आणि संयम यांनी मन थक्क होते. जुने गोणपाट, तागाचे दोर, चिंध्या आणि रद्दी कागद यांचे बारीक तुकडे करून ते भिजत घालीत. चुना आणि खार यांच्या पाण्यात मुरवीत. मग ढेकीखाली, म्हणजे पायाने चालविण्याच्या जड लाकडी उखळणीखाली, ते कुटीत. कुटलेला लगदा फडक्यात बांधून नदीत धूत, पुन्हा चुना लावीत, पुन्हा कुटीत, पुन्हा धूत, आणि असे कित्येक दिवस चाले. वाहत्या पाण्यावाचून हा धंदा होत नाही; म्हणूनच जुन्नरास कुकडी आणि कागदीपुऱ्यास मुठा यांचे सान्निध्य आवश्यक होते. लगदा दुधासारखा पांढरा आणि एकजीव झाला, की तो पाण्याने भरलेल्या हौदात सोडून ढवळीत. हौदाच्या काठी बसलेला कारागीर गवताच्या बारीक काड्यांची विणलेली चाळण लाकडी चौकटीवर ताणून ती पाण्यात तिरपी बुडवी, सपाट वर उचली आणि अलगद हलवी. पाणी निथळून जाई आणि चाळणीवर तंतूंचा एक पातळ थर उरे. हा थर उलटा करून आधीच्या थरावर ठेवावयाचा, चाळण मोकळी करावयाची आणि पुन्हा बुडवावयाची. थर सर्वत्र सारखा यावा, यासाठी हाताला जो तोल लागे, तो मोजून शिकविता येत नाही. तो वडिलांच्या शेजारी बसून मनगटात उतरावा लागतो.

थरांची चळत दगडांखाली दाबून पाणी काढल्यावर एकेक ताव सोडवून, भिंतीवर मऊ कुंच्याने चिकटवून वाळवीत. वाळलेल्या तावाला तांदळाची किंवा गव्हाची खळ लावीत, की शाई फुटू नये. आणि सर्वांत शेवटी तो गुळगुळीत लाकडी फळीवर ठेवून अकीकासारख्या चकचकीत दगडाने किंवा शिंपल्याने घोटीत, की बोरूचे टोक कोठे अडखळू नये. असा घोटीव कागद हाती घेतला तर त्याला रेशमासारखी झळाळी असे आणि बोट फिरविले तर कापडासारखी लवचीक दाट घडण जाणवे. तसे जाणवावे हे साहजिकच होते. कारण तो कापडाचाच पुनर्जन्म होता.

या कागदावर मराठी राज्य उभे राहिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तलवारीने जे मिळविले ते सनदांनी स्थिर केले, आणि सनद, महजर, कौलनामा, ताळेबंद, इनामपत्र हे सर्व या हातकागदावर मोडी अक्षरांत उतरले. आधी माथ्याची रेघ ओढून घेऊन तिच्याखाली एका दमात अक्षरे लोंबती ठेवीत जाणाऱ्या मोडीच्या धावत्या वळणाला घोटीव पृष्ठभागच हवा असे. खरखरीत कागदावर तो वेग राहता ना. लांब पट्ट्यांचे ‘बंद’ लिहिले जात आणि विषयवार एकत्र करून चौकोनी फडक्यात, म्हणजे ‘रुमालात’, बांधले जात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आज असे सुमारे पस्तीस हजार रुमाल आहेत. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाचे अनेक अंधारे कोपरे उजळले. चिंध्यांतून झालेला कागद अखेर कापडाच्याच कुशीत विसावला, आणि त्या कुशीत त्याने दोनशे-अडीचशे वर्षे तग धरला. गोधडीने जसे घराचे गोत सांभाळले, तसे रुमालाने राज्याचे गोत सांभाळले.

लेखनाच्या या सर्व सरंजामाविषयी समर्थ रामदासांना किती आस्था होती, हे दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील ‘लेखनक्रिया निरूपण’ या पहिल्याच समासावरून दिसते. अक्षर कसे असावे, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. बोरू, शाई, रंग, ग्रंथ गुंडाळण्याची बासने आणि मेणकापडे यांची तजवीजही त्यांनी सांगितली. ज्ञान हे केवळ बुद्धीचे कार्य नसून त्याला हातांच्या अनेक कसबांचा आधार लागतो, ही जाण त्यामागे आहे. आणि येथे एक गोष्ट मनावर बिंबविण्याजोगी वाटते. कोण जाणे कोणाकोणाच्या घरातील जुनेर, कोणत्या गाडीवानाचे गोणपाट आणि कोणत्या मोटेचा झिजलेला दोर कुटून मुसलमान कागद्याने जो ताव तयार केला, त्याच तावावर देवघरातील पोथी लिहिली गेली आणि नित्य पूजिली गेली. उकिरड्याच्या उंबऱ्याशी गेलेली वस्तू हातांच्या गुणाने देवघरात पोहोचते, याहून श्रमाचे मोठे माहात्म्य कोणते सांगावे?

हा धंदा खालावला तो कारागिरांचा हात थकल्यामुळे नव्हे. १८१८ साली पेशवाई संपली आणि सर्वांत मोठा ग्राहक नाहीसा झाला. पुढे कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले. सर चार्ल्स वुड हे भारतमंत्री असताना हिंदुस्थान सरकारला लागणारा कागद विलायतेतूनच खरेदी करावा, असा हुकूम निघाला, आणि जो कागद येथे शेकडो वर्षे होत आला होता तो जहाजांतून येऊ लागला. ज्यांनी १८५४ च्या खलित्यान्वये या देशात शिक्षणाचा विस्तार योजिला, त्यांच्याच कारकीर्दीत त्या शिक्षणाला लागणारा कागद देशी हातांतून सुटावा, ही गोष्ट वेदनादायक आहे. कारागृहांतून कैद्यांच्या श्रमाने स्वस्त कागद होऊ लागला. १८८० नंतरच्या दशकात पुण्याजवळ मुंढव्यास यंत्राची कागद गिरणीही उभी राहिली. एकीकडे नळातून पाणी सोडावे तसा यंत्रातून कागदाचा अखंड पट्टा निघत होता, आणि दुसरीकडे हौदाकाठचा कागदी एकेक ताव उचलीत होता. या स्पर्धेचा निकाल सांगावयास नको. जुन्नरची ढेकी थांबली, आणि कागदीपुऱ्यात कागदी हे आडनाव तेवढे राहिले.

या अस्तंगत विद्येकडे पुन्हा राष्ट्राचे लक्ष गेले ते महात्मा गांधींमुळे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेलघाणी, गूळ, मधमाश्या यांच्याबरोबर हातकागदाचेही प्रयोग सुरू झाले. के. बी. जोशी यांनी त्या विद्येचा शास्त्रीय अभ्यास करून तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. लाकडी ढेकीच्या जागी यंत्राची कुटणी आली, तरी मूळ तत्त्व बदलले नाही. सुती कापडाच्या चिंध्या आणि शिलाईच्या कारखान्यांतील पांढरी कातरण यांचाच लगदा करून तेथे कागद होऊ लागला. एकही झाड न तोडता उत्तम, टिकाऊ कागद होऊ शकतो, ही गोष्ट जगाला नवलाची वाटू लागली, तेव्हा ती आमच्या कागदीपुऱ्याने शेकडो वर्षे निमूटपणे करून दाखविलेली होती.

आज बालकांच्या हाती कात्री, डिंक आणि रंगीत तुकडे देताना त्यांना या परंपरेची ओळख करून द्यावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. तुकड्यांची पिशवी शिवणाऱ्या मुलीला तिच्या पणजीची वाकळ दाखवावी. रद्दीचा लगदा करणाऱ्या मुलाला सूप आणि परडी मेथी व कागदाच्या लगद्याने लिंपून त्यांच्या फटी बुजविणारी मराठी गृहिणी आणि हौदाकाठचा कागदी यांची गोष्ट सांगावी. म्हणजे आपण वेळ घालविण्यासाठी काही तरी करीत नाही, तर एका फार जुन्या व्यवहाराचे वारस म्हणून काम करीत आहोत, हे त्यांना उमगेल; आणि वस्तू टाकण्यासाठी उगारलेला हात क्षणभर थांबून हिचे अजून कोणते काम उरले आहे, असा प्रश्न करील. त्या एका क्षणाच्या थांबण्यातच या साऱ्या कारागिरीचा उगम आहे.

दफ्तरखान्यात एकदा एक जुना बंद उजेडासमोर धरून पाहण्याचा योग मला आला. शाई अजून काळीभोर होती. मजकूर कोण्या गावच्या पाटलाच्या तंट्याचा, आज ज्याचे कोणाला काही वाटू नये असा. परंतु उजेड कागदातून पलीकडे आला तेव्हा अक्षरांच्या मागे गवताच्या चाळणीच्या बारीक समांतर रेघा दिसल्या, गोधडीवरच्या धावदोऱ्यासारख्या. आणि त्या रेघांमध्ये एके ठिकाणी, ढेकीच्या घावांतून निसटलेला, पुरता न कुटलेला एक निळसर सुताचा धागा. कोणत्या लुगड्याचा, कोणत्या गावचा, ते कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. लिहिणाऱ्या कारकुनाचे नाव खाली होते, शिक्का होता, तारीख होती. ती नेसणारी, ते वेचणारा आणि तो ताव उचलणारा या तिघांची मिळून एवढीच सही त्या कागदावर होती, आणि ती अजून पुसली गेलेली नव्हती.